क्रोशातील पहिला टाका : एक मागोवा

आपल्या घरांतील जुन्या लग्नकार्यांची आठवण निघाली की रुखवत डोळ्यांसमोर उभे राहते. लाडूंच्या व करंज्यांच्या राशी, मण्यांची तोरणे आणि त्या सर्वांच्या खाली अंथरलेले पांढरेशुभ्र क्रोशाचे रुमाल. पाहणाऱ्याची नजर लाडवांवर जाते, तोरणावर जाते. खालच्या रुमालाकडे फारसे कोणी पाहत नाही. आम्हीही त्याच पंक्तीतले. आयुष्यभर सरकारी नोकरीत कागद चाळण्यात डोळे झिजवले, पण ज्या घरात वाढलो त्या घरातील रेडिओवर, पाण्याच्या तांब्यावर आणि देवघरातील चौरंगावर जे विणकाम पसरलेले होते ते कसे सुरू होते आणि कोठे संपते, हे पाहण्याची बुद्धी निवृत्तीनंतर झाली.

निमित्त घडले ते दिवाळीच्या आवराआवरीचे. आईची जुनी लोखंडी ट्रंक उघडली. आईचे माहेर ग्वाल्हेरचे, सासर इंदूरचे. महाराष्ट्र तिने पाहिला तो तीर्थयात्रेपुरता. ट्रंकेत एक मोठा गोल रुमाल निघाला, अर्धवट राहिलेला. शेवटच्या फेरीत सुई अडकवून ठेवलेली तशीच होती. आमच्या पुतणीने तो उजेडात धरला आणि म्हणाली, "काका, आजीने इथे चुकवले आहे. ही रेघ पाहा." मध्यापासून कडेपर्यंत एक बारीक, किंचित वळत गेलेली रेघ खरोखरच दिसत होती. आमच्या सौ. लगेच म्हणाल्या, "चुकवले कसले? तेव्हा सगळ्या तशाच विणत. ती रीत होती."

चूक की रीत, हा वाद तेथेच मिटला असता. परंतु फाइलीवर शेरा मारण्यापूर्वी पूर्वपीठिका पाहावी ही सवय सुटलेली नाही. म्हणून मिळेल ते वाचले, जाणत्या बायकांना विचारले, आणि त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम परिभाषा. क्रोशाच्या टाक्यांची नावे घरोघर थोडी निराळी आहेत. आमच्या घरातील नावे आम्ही येथे वापरतो. फासातून फास ओढत नेला की साखळी होते. सुईवर दोरा न गुंडाळता घातलेला बुटका टाका तो मुका खांब. दोऱ्याचा एक वेढा घेऊन घातलेला उंच टाका तो खांब, दोन वेढ्यांचा तो दुहेरी खांब, आणि मुका खांब व खांब यांच्या मधल्या उंचीचा तो अर्धा खांब. एवढ्या मोजक्या टाक्यांवर सारा संसार उभा आहे.

आता अडचण पाहू. ओळ संपली, काम उलटले, आणि पुढील ओळ खांबांची घालायची आहे. सुई तर खालच्या ओळीच्या माथ्यावर आहे. खांबाची उंची गाठायची कशी? याचे रूढ उत्तर म्हणजे साखळ्यांची शिडी. मुक्या खांबासाठी एक साखळी, अर्ध्या खांबासाठी दोन, खांबासाठी तीन आणि दुहेरी खांबासाठी चार. या तीन साखळ्यांनाच पहिला खांब मानायचे आणि पुढचा खांब दुसऱ्या टाक्यात घालायचा. पण साखळी ती साखळीच. खांबाची जाडी तिला नाही. त्यामुळे तिच्या शेजारी एक फट राहते. परतताना शेवटचा खांब तिसऱ्या साखळीच्या डोक्यात घालायला विसरले की ओळीगणिक एक टाका कमी होतो आणि चौकोनी रुमाल हळूहळू निमुळता होतो. आमच्या घरी असे एक तोरण आहे, ज्याची एक बाजू दुसरीपेक्षा चार बोटे आखूड आहे. तेव्हा आईच्या हातून काहीच चुकत नसे असे आम्ही म्हणणार नाही.

गोल विणकामात ही अडचण आणखी उघडी पडते. फेरी संपली की शेवटचा टाका पहिल्याला जोडायचा, पुन्हा तीन साखळ्या चढायच्या. उजव्या हाताने विणणारीचा प्रत्येक टाका खालच्या टाक्याच्या थेट डोक्यावर न बसता किंचित उजवीकडे बसतो. त्यामुळे जोडाची जागाही फेरीगणिक उजवीकडे सरकते आणि मध्यापासून कडेपर्यंत वळती रेघ उमटते. आईच्या रुमालावरील रेघ ती हीच. हातचलाखी कमी पडल्याची ती खूण नव्हती. टाक्याच्या रचनेतूनच ती निघत होती.

मग ही रीत आली कोठून? क्रोशा हा शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ लहानसा आकडा. ही कला फार प्राचीन असल्याचे पुष्कळदा सांगितले जाते, परंतु आज आपण जिला क्रोशा म्हणतो त्या विणकामाचा भक्कम पुरावा युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मागे जात नाही. 'पेनेलोपे' नावाच्या डच नियतकालिकात १८२३ साली रेशमी बटव्यांचे नमुने छापले गेले. क्रोशाच्या छापील सूचनांत ते सर्वांत जुने मानले जातात. त्याच्या थोडे आधी, १८१२ च्या सुमारास, स्कॉटलंडमध्ये आकड्याने होणाऱ्या एका जाडसर विणकामाचा उल्लेख एलिझाबेथ ग्रँट या बाईंच्या आठवणींत येतो. त्याला 'मेंढपाळी विणकाम' म्हणत.

या वंशावळीची एक शाखा आपल्या दाराशी येते असे काही अभ्यासकांचे मत आहे. कच्छ व सौराष्ट्रातील मोची कारागीर चामड्यावर वापरायच्या आरीसारख्याच आकड्याच्या सुईने ताणलेल्या कापडावर साखळीटाका भरत. आरीभरत ते हेच. वडोदऱ्याच्या वाचकांना त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. पूर्वेकडील असे भरतकाम अठराव्या शतकात युरोपात गेले, तेथे गोल चौकटीवर कापड ताणून ते होऊ लागले, आणि चौकटीच्या आकारावरून त्याला डफाचे नाव मिळाले. पुढे कोणीतरी खालचे कापड काढून टाकले आणि साखळी हवेतच विणली. तोच क्रोशा, असे हे मत सांगते. हे मत सर्वमान्य नाही. पण एक गोष्ट डोळ्यांना दिसते. कापडावर साखळी भरताना वर चढण्याचा प्रश्नच नसतो, कारण आधार कापडाचा असतो. कापड गेले आणि प्रत्येक ओळीला स्वतःच्या पायावर उभे राहण्याची पाळी आली. पहिल्या टाक्याची अडचण तेथे जन्मली.

आरंभीच्या विणकरणींनी तिच्यावर काढलेले उपाय मौजेचे आहेत. बटवे गोल असल्यामुळे ते नागमोडी फेरीत, म्हणजे न जोडता, सलग विणता येत. जिन्यासारखी फेरी वर चढत जाते आणि जोड कोठेच येत नाही. सपाट कामात मात्र अनेक जुने नमुने सांगत की ओळ संपली की दोरा कापावा आणि पुन्हा उजव्या टोकापासून नव्याने आरंभ करावा. यामुळे सर्व टाक्यांचा सुलटा भाग एकाच बाजूस राही. पण ओळीगणिक दोन शेपट्या लोंबत आणि त्या लपवण्यात निम्मा वेळ जाई. फावल्या वेळात विणणाऱ्या सुखवस्तू घरांतील स्त्रियांना ते परवडत होते.

ज्यांना ते परवडत नव्हते त्यांची हकीकत आयर्लंडमध्ये घडली. १८४५ साली तेथे बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व रोगराईने मेली. जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. त्या काळात कॉर्कजवळील ब्लॅकरॉक येथील अर्सुलाइन जोगिणींनी मुलींना क्रोशा शिकवला. मोनाहन परगण्यातील क्लोनिस गावी कॅसँड्रा हँड या धर्मोपदेशकाच्या पत्नीने १८४७ पासून तेथील बायकांना या कामाला लावले. व्हेनिसच्या सुईच्या लेसची नक्कल आकड्याने केली तर ती कितीतरी लवकर होते, हे ध्यानात आल्यावर झोपडीझोपडीतून लेस विणली जाऊ लागली. एलेओनोर रिएगो द ला ब्राँशार्डिएर या बाईंनी १८४० च्या दशकापासून नमुन्यांची पुस्तके छापली. आयरिश क्रोशाच्या लेसचे श्रेय पुष्कळदा त्यांना दिले जाते. छापील नमुन्यामुळे शिकवणारी बाई शेजारी असण्याची गरज उरली नाही. टाके मोजून सांगता येऊ लागले, आणि 'तीन साखळ्या म्हणजे एक खांब' यासारखे हिशेब कागदावर बसले.

आयरिश बायकांचा आरंभ मात्र साखळीचा नव्हता. फूल किंवा पान विणताना त्या जाड दोऱ्याचे काही वेढे बोटाभोवती वा काडीभोवती देत आणि त्या कड्यावरच मुके खांब घट्ट भरत. मध्यभाग उठावदार व भरीव होई. एका घराने गुलाब विणायचा, दुसऱ्याने पान, आणि तिसऱ्या बाईने ते जाळीने एकत्र जोडायचे, अशी कामाची वाटणी होती. घराघराचे नमुने जपून ठेवले जात, कारण त्यावर चूल पेटत होती. नीट आरंभ ही तेथे हौसेची बाब नव्हती. मध्य सैल असलेले फूल विकत कोण घेणार?

असाच प्रकार आपल्या देशात आंध्रातील नरसापूर भागात झाला. गोदावरीच्या मुखाकडील या प्रदेशात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात बायकांना लेस शिकवली, आणि पुढे ती परदेशी जाणारी मोठी वस्तू झाली. हैदराबादच्या आपल्या मंडळींनी या लेसचे टेबलक्लॉथ पाहिले असतीलच. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी या लेसकरणींचा अभ्यास करून १९८२ साली पुस्तक प्रसिद्ध केले. तेथेही काही बायका फुले विणतात व काही ती जोडतात. मीस यांचे मुख्य म्हणणे असे की दिवसाचे कित्येक तास विणूनही या बायका कामगार मानल्या जात नाहीत. त्या 'घरी बसून' विणतात, म्हणजे त्या गृहिणी, आणि विणकाम म्हणजे फावल्या वेळचा उद्योग. व्यापार व नफा पुरुषांच्या हाती. वाचकांनी हे लक्षात ठेवावे. आम्हास याकडे पुन्हा यावयाचे आहे.

मराठी घरांत क्रोशा आला तो मिशनच्या शाळा, मुलींचे शिवणवर्ग आणि शेजारणीचा हात या तिन्ही वाटांनी. गोव्यात त्याला पोर्तुगीज घरांचीही जोड होती. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन उभे राहिले. वडोदऱ्यात १९१४ साली महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय निघाले. हाताच्या कौशल्यातून स्त्रीला चार पैसे मिळावेत हा विचार त्या काळात रुजत होता. नमुने मात्र बहुधा इंग्रजी पुस्तिकांतून येत आणि त्यात एक फसगत असे. ब्रिटिश पुस्तिका ज्याला 'डबल क्रोशे' म्हणते तो अमेरिकन मासिकात 'सिंगल क्रोशे' असतो, म्हणजे आपला मुका खांब. आणि अमेरिकेचा 'डबल' तो आपला खांब. पुस्तिका कोणत्या देशाची हे न पाहता आरंभ केला की पहिल्याच ओळीत साखळ्यांचे गणित चुके. अशा वेळी बायका पुस्तिका बाजूला ठेवत आणि शेजारणीचा रुमाल उलटा करून टाके मोजत.

आता अलीकडच्या सुधारणा. पुतणीने आम्हास त्या करून दाखवल्या; त्या येथे साध्या शब्दांत सांगतो. खांबाची ओळ सुरू करताना तीनऐवजी दोनच घट्ट साखळ्या घ्याव्यात, त्यांना टाका न मानता पहिला खांब पहिल्याच टाक्यात घालावा. फट बरीच झाकली जाते. दुसरा उपाय अधिक नीटस. एकही साखळी न घेता पहिल्या टाक्यात एक मुका खांब घालावा आणि त्याच मुक्या खांबाच्या डाव्या कडेच्या दोऱ्यात दुसरा मुका खांब घालावा. एकावर एक असे दोन बुटके टाके मिळून एक खांब दिसतो. तिसरा उपाय असा की सुईवरचा फास खांबाच्या उंचीइतका ओढावा, बोटाने सुईशी धरून ठेवावा, सुई स्वतःभोवती फिरवून त्या फासाचाच वेढा घ्यावा आणि मग नेहमीप्रमाणे खांब पुरा करावा. नवा रंग लावताना तर साखळीची गरजच नाही. सुईवर गाठीचा फास घेऊन वेढा द्यावा आणि थेट खांब घालावा.

पायाच्या साखळीचेही तसेच. लांब साखळी आवळ होते आणि वरचे काम फुगते. म्हणून जुन्या बायका साखळीसाठी एक नंबर जाड सुई घेत. मोजणी चुकेल या भीतीने दहा-वीस साखळ्या अधिक घालून ठेवत आणि उरलेल्या मागाहून आरंभाच्या टोकाकडून सोडवत. नव्या रीतीत साखळी व तिच्यावरचा टाका एकाच वेळी विणला जातो. दोन साखळ्या घालून पहिल्या साखळीतून फास ओढायचा. पुन्हा दोरा घेऊन तो एकाच फासातून काढायचा, ती झाली खालची साखळी. मग आणखी एकदा दोरा घेऊन दोन्ही फासांतून काढायचा, तो झाला मुका खांब. पुढचा टाका त्या खालच्या साखळीत. पाया कापडाइतकाच लवचिक राहतो आणि मोजणीही सोपी होते.

गोल कामासाठी आता सर्वत्र दोऱ्याचे सरकते कडे वापरतात. बोटाभोवती दोरा घेऊन त्या कड्यात टाके भरायचे आणि शेपटी ओढली की मध्यातले भोक मिटते. जपानी पद्धतीच्या विणलेल्या बाहुल्यांमुळे ही रीत जगभर पसरली. पण आयरिश बायकांच्या बोटावरच्या वेढ्यांशी तिचे नाते उघड आहे. फेरीचा शेवट करताना दोरा कापून, शिवणसुईने पहिल्या टाक्याच्या डोक्याखालून नेऊन शेवटच्या टाक्याच्या पोटात परत आणला की खोटा टाका तयार होतो आणि जोड शोधूनही सापडत नाही.

हे सारे पाहून आम्ही पुतणीच्या बाजूने निकाल देण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात घरातच पुरावा मिळाला. तिने मैत्रिणीच्या बाळासाठी विणलेले टोपरे पाच-सहा धुण्यांनंतर परत आले. टाळूवरचे कडे सैल होऊन भोक पडले होते. कारण साधे आहे. साखळी फक्त शेवटच्या टोकाकडून सरसर उसवते. आरंभाच्या टोकाकडून ती आपोआप उसवत नाही. आईची पद्धत सहा साखळ्यांचे कडे जोडून त्यात खांब भरण्याची होती. मध्यात भोक राहते खरे, पण ते अर्ध्या शतकात एक सूतभरही वाढलेले नाही. सरकते कडे मात्र शेपटीच्या घर्षणावर टिकते. शेपटी आखूड ठेवली, गुळगुळीत दोरा वापरला, की ते धुण्यात सुटते. उपाय आहे : वेढे दोन घ्यावेत आणि शेपटी एकदा एका दिशेने व मग उलट दिशेने टाक्यांतून ओवून टाकावी. पुतणीने तसे केले आणि टोपरे पुन्हा गेले. थोडक्यात, नवी रीत सुबक आहे आणि जुनी टिकाऊ. नव्याने जुनीपासून जपणूक शिकावी आणि जुनीने नवीकडून डोळा घ्यावा.

येथे लेख संपवता आला असता. परंतु एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत एका कौटुंबिक सर्वेक्षणाचे काम आमच्याकडे आले होते. घरोघर जाऊन तक्ते भरायचे. 'व्यवसाय' या रकान्यात पुरुषांपुढे नोकरी, दुकान, शेती असे लिहायचे. स्त्रियांपुढे बहुधा 'गृहकृत्य', आणि 'उत्पन्न' या रकान्यात 'निरंक'. आमच्या गल्लीचा तक्ताही आम्हीच भरला. त्यात आमचे घरही होते. त्या काळी आई शहरातील एका दुकानदारासाठी वारांवर लेस विणून देत असे. परकराची, उशीच्या अभ्र्याची. आमच्या परीक्षेची फी त्यातून गेली होती, हे आम्हास ठाऊक होते. तरीही तिच्या नावापुढे आम्ही 'निरंक' लिहिले. वरिष्ठांनी सांगितले म्हणून नव्हे. दुसरे काही लिहिता येईल हे मनातच आले नाही. मारिया मीस यांचे म्हणणे वाचताना तो तक्ता आठवला आणि पुस्तक काही वेळ मिटून ठेवावे लागले.

क्रोशाचे काम यंत्रावर हुबेहूब होत नाही, असे जाणकार सांगतात. म्हणजे बाजारात क्रोशाचा जो रुमाल स्वस्तात मिळतो तोही कोणाच्या तरी हातचा आहे. त्याच्या मध्यावरचा पहिला टाका कोणीतरी बाईने घातला आहे आणि तिच्या नावापुढेही कोठेतरी 'निरंक' लिहिलेले असणार.

आईच्या रुमालाच्या दोन फेऱ्या राहिल्या होत्या. त्या कशा पुऱ्या कराव्यात यावर घरात बराच खल झाला. पुतणी म्हणाली, "नव्या रीतीने करू, शेवटी तरी रेघ दिसणार नाही." सौ. म्हणाल्या, "वीस फेऱ्या एका हाताच्या आणि दोन दुसऱ्या, हे बरे दिसणार नाही." अखेर त्यांनीच आईची अडकवून ठेवलेली सुई हाती घेतली आणि तीन साखळ्या चढून दोन फेऱ्या पुऱ्या केल्या. रेघ कडेपर्यंत गेली. शेवटचा जोड मात्र पुतणीने शिवणसुईने लपवला. तेवढे तिचे राहू दिले.

आपल्या वाचकांच्या घरी अशा ट्रंका पुष्कळ असतील. मंडळींना एवढीच विनंती की जुने विणकाम देऊन टाकण्यापूर्वी एकदा उलटे करून पाहावे, आरंभ कोठे केला आहे तो शोधावा, आणि ते कोणी विणले, कोणासाठी विणले, त्याचे पैसे मिळाले की नाही, हे सांगणारे कोणी घरात असतील तर एका कागदावर लिहून त्यासोबत ठेवावे. आमच्या रुमालासोबत तसा कागद आम्ही ठेवला आहे. त्यात आईच्या नावापुढे व्यवसायाचा रकाना आहे आणि तो या वेळी आम्ही नीट भरला आहे.